नाँक ओव्हिडच्या पिस्तुलावरचा गंज

घामाचा गंज अंगाकडच्या बाजूने चढतो. उजव्या कमरेला पिस्तूल लावणाऱ्या माणसाच्या पिस्तुलाची डावी बाजू आधी तांबूस होते, मग मुठीची पाठ, मग खटका. उजवी बाजू तशी बरी राहते. तिथे फक्त चामड्याने घासून मुलामा उडतो, नळीच्या तोंडाशी आणि कडांवर, आणि आतलं पोलाद राखाडी दिसू लागतं. लुइझियानाच्या या दक्षिण टोकाला जमीन संपता संपता पाणीच होऊन जाते आणि हवा वर्षातला बराच काळ ओल्या फडक्यासारखी अंगावर असते. इथे बंदुका दुरुस्त करून पोट भरायचं तर गंज ओळखता यावा लागतो. माझे वडील ओळखायचे. मीही ओळखतो.

नाँक ओव्हिडचं पिस्तूल माझ्या काउंटरवर आलं तेव्हा ते दोन्ही बाजूंनी गंजलेलं होतं.

नाँक म्हणजे काका. माझं त्यांचं नातं काही नाही, पण आमच्या बायूकाठी, म्हणजे या संथ खाडीच्या काठी, म्हाताऱ्याला नाँक आणि म्हातारीला तांत म्हणतात, नातं कुणी विचारत नाही. नाँक ओव्हिड पुलावर होते. बायूवर पूर्वी मधोमध फिरणारा लोखंडी पूल होता. कोळंबीच्या बोटीने भोंगा दिला की ते पत्र्याच्या खोलीतून बाहेर यायचे, दोन्हीकडच्या गाड्या अडवायचे आणि पूल फिरवून बोटीला वाट द्यायचे. अख्खं गाव त्यांच्यासाठी थांबायचं. त्यांच्या आधीच्या माणसाला कुणीतरी त्याच खोलीत लुटलं होतं, म्हणून नोकरी लागली त्या वर्षी त्यांनी पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल घेतलं. ते कुणावर झाडायची वेळ कधी आली नाही. एक-दोन साप मेले असतील. मग शेजारी काँक्रीटचा उंच पूल झाला. बोटी आता खालून जातात, गाड्या वरून जातात, कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. जुना पूल कापून भंगारात नेला. पिस्तूल मात्र कमरेला राहिलं, चर्चमध्ये कोटाखाली, शेतात शर्टाखाली.

पुलाचा गंज खरवडण्यात या माणसाचं आयुष्य गेलं होतं. असा माणूस स्वतःचं पिस्तूल गंजू देत नाही. म्हणून मी ते पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहत होतो.

"एल्डन, बघ रे याला काय झालं," ते म्हणाले. घरात कुणी आजारी असावं तसा त्यांचा आवाज होता. "मी पुसतो त्याला. रोज तेल लावतो. हिला विचार."

"लावतात की," तांत अर्लीन मागून म्हणाल्या. "मला कधी एवढं जपलं नाही."

"तुला गंज चढत नाही."

"चढलाय. तुम्ही बघत नाही."

ते हसले. काडतुसांचं मॅगझिन त्यांनी स्वतःच काढलं होतं, नळी रिकामी असल्याचंही स्वतः पाहिलं होतं. त्यात हात चुकत नव्हता. मी मुठीवरच्या लाकडी पट्ट्या सोडवल्या. पट्ट्यांखाली तांबडा चिखल झाला होता आणि त्यात मिठाचे पांढरे कण होते. घाम इतका आत शिरत नाही. मी चामड्याचं म्यान नाकाशी नेलं. तमालपत्र, लाल मिरची, लिंबू. आमच्याकडे कुठल्याही अंगणात रविवारी दुपारी जो वास येतो, तो.

मी तांत अर्लीनकडे पाहिलं. त्या भिंतीवरचे मासे पकडायचे गळ बघत होत्या, जन्मात कधी पाहिले नसावेत तसे.

"सगळा मुलामा काढून नवा द्यावा लागेल," मी म्हणालो.

"किती दिवस?"

"दोन महिने तरी लागतात म्हणे," त्याच म्हणाल्या.

"दोन महिने?" नाँक ओव्हिडनी माझ्याकडे पाहिलं.

"कामच तसं आहे," मी म्हणालो. का म्हणालो, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते पिकअपमध्ये जाऊन बसले. तांत पर्स विसरल्याचं निमित्त करून परत आल्या. पर्स त्यांच्या खांद्यालाच होती.

"काय तांत, खेकडे चांगले झाले होते का?"

त्यांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "दोन डझन उकडले होते. यांनीच बहुतेक संपवले. पाणी फेकून देणार होते, तेवढ्यात सुचलं. हे अंघोळीला गेल्यावर म्यान बुडवलं त्यात. मग पिस्तूलही. दोन-तीनदा केलं असं."

"नुसतं मीठ चाललं असतं."

"बाबा रे, मी काय रोज करते हे?"

मग त्यांनी सांगितलं. त्याआधीच्या एका सकाळी त्या स्वयंपाकघरात कॉफी गाळत होत्या. मागे चाहूल लागली. नाँक ओव्हिड दारात उभे होते, हातात पिस्तूल, नळी जमिनीकडे. अगदी अदबीने म्हणाले, "बाई, पुलाच्या खोलीत बाहेरच्या माणसांना मनाई आहे. तुम्हाला आत कुणी सोडलं?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"म्हटलं, बोट आलीय, भोंगा वाजला. तर पिस्तूल खोचलं आणि खिडकीशी गेले बोट बघायला." त्यांनी काउंटरवरचा मिठाचा कण बोटाने टिपला. "त्या दिवशी सुचलं, एल्डन. रोज सुचेलच असं नाही."

मुलगा ह्यूस्टनला असतो. तो फोनवर म्हणतो, आई, काढून घे ते त्यांच्याकडून. फोनवरून सगळंच सोपं असतं. तांतनी एकदा पिस्तूल तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. नाँक ओव्हिड घर उपसून ते शोधायला जुन्या पुलाच्या जागी चालत निघाले, मोठ्या रस्त्यावरून, बोडक्या डोक्याने, आणि मालट्रक त्यांच्या अंगावरून वारा फेकत जात राहिले. शेरीफचा माणूस त्यांना घरी सोडून गेला. तो म्हणाला, पिस्तूल त्यांचं आहे, त्यांनी कुणाला काही केलेलं नाही, मी काय करू?

"ते हातातून सोडतील असं एकच कारण होतं," तांत म्हणाल्या. "गंज."

मी कामाला लागलो. मला ते लांबवायचं होतं आणि लांबवता येईल अशी एक जुनी रीत मला येते. पोलाद घासून उघडं करायचं, तेलाचा अंश राहू द्यायचा नाही, त्यावर औषध फिरवायचं आणि त्याला गंजू द्यायचं. तांबडा गंज सगळीकडे सारखा आला की ते पाण्यात उकळायचं. तांबड्याचं काळं होतं. वरची भुकटी बारीक तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा गंजू द्यायचं. असं करत करत निळसर काळी झाक चढते, आणि ती पुढच्या गंजाला अडवते. लोकांना हे ऐकून नवल वाटतं. मला वाटत नाही. आमच्याकडे बहुतेक गोष्टींना त्याच गोष्टींचा उतारा असतो, आणि बहुतेक वेळा तो पुरत नाही.

नाँक ओव्हिड रोज यायला लागले. तांत त्यांना दाराशी सोडायच्या आणि बाजारहाट करून परत न्यायच्या. ते स्टुलावर बसायचे, कॉफी मागायचे आणि मग विचारायचे, "माझं झालं का रे?"

पहिल्यांदा मी सरळ दाखवलं. पिस्तुलाचे सुटे भाग तारेला टांगलेले होते, गंजाने लालभडक. ते उभे राहिले. कप कलंडला.

"काय केलंस हे? अरे, गंजवलंस की तू!"

"मुद्दाम गंजवलंय, नाँक. आता उकळलं की काळं होईल."

"मुद्दाम? पोलाद मुद्दाम कोण गंजवतं? तुझा बाप असता तर कानाखाली काढली असती तुझ्या."

मी त्यांच्यासमोर एक भाग उकळला. तांबडं काळं झालं. त्यांनी तो फडक्यात धरून उन्हात नेला, वास घेतला, मान हलवली. "हुशार आहेस," म्हणाले. जाताना खूश होते.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, पुन्हा बसले, कॉफी प्यायले आणि तारेकडे लक्ष जाताच उभे राहिले. "काय केलंस हे?" तोच धक्का, तेवढाच. मी पुन्हा उकळलं, ते पुन्हा म्हणाले हुशार आहेस. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांचा आनंद संध्याकाळपर्यंतही टिकत नव्हता, आणि दुःख मात्र रोज कोरं करकरीत मिळत होतं. ते मी तारेला टांगून ठेवत होतो.

मग मी भाग आतल्या खोलीत लपवले. ते जास्तच वाईट झालं. दिसेना तेव्हा त्यांच्या लेखी ते चोरीला गेलं.

"तू सज्जन माणूस आहेस," ते मला हळूच म्हणाले, "म्हणून तुला सांगतो. घरात एक बाई असते. स्वयंपाक चांगला करते. पण पिस्तूल तिनेच नेलंय."

"ती तांत अर्लीन आहे, नाँक."

"नाव तेच सांगते ती."

तो महिना सरायच्या आत तांत एकट्या आत आल्या. नाँक ओव्हिड बाहेर गाडीत होते, काच खाली करून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. तांतच्या मनगटावर बोटांचे ठसे होते, पिवळे पडत चाललेले. मी पाहिल्यावर त्यांनी बाही ओढली.

"देऊन टाक परत," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच तर..."

"माहीत आहे. खेकड्याच्या पाण्यात मीच बुडवलं. पण ते कमरेला होतं तेव्हा एक दिवस मी परकी झाले होते, एल्डन. ते नाही तर मी रोज चोर आहे. कपाटं उघडतात, गाद्या उसवतात, माझी झडती घेतात. झोपत नाहीत, मला झोपू देत नाहीत. कमरेला ते वजन नसलं की त्यांना उभंच राहता येत नाही." मग त्या म्हणाल्या, "चालणार नाही असं करता येतं का ते?"

येतं. काडतुसाच्या बुडावर जी पिन आदळते, तिचं टोक कानशीने थोडं उडवलं की झालं. बाहेरून काही दिसत नाही. पण माझ्या वडिलांचा एक नियम होता आणि तो मी कधी मोडला नव्हता. ज्या हत्यारावर माणसाचा भरवसा आहे, ते मेलेलं असताना त्याच्या हातात द्यायचं नाही. रिकाम्या हाताचा माणूस पळतो तरी. मेलेलं हत्यार हातात असलेला पळणार नाही. उभा राहील.

मी तांतना तसं सांगितलं.

"त्यांच्या अंगावर कोण येणार आहे आता?" त्या म्हणाल्या. "मीच येते. कॉफी घेऊन."

त्या गेल्यावर मी पिन शेगड्यात, टेबलाच्या लोखंडी पकडीत, धरली आणि कानस फिरवली. काम चिमूटभर होतं. पोलादाचा इतकाच कीस टेबलावर पडला, की फुंकला तर उडून जाईल.

मुलामा मात्र सुरेख बसला. बायूच्या पाण्याचा सावलीत असतो तसा रंग आला होता, खोल, न चमकणारा. जुनी झीज, कडांवरचा राखाडीपणा, मुठीच्या पाठीवरचे खड्डे, काही उरलं नाही. नवं म्यानही मीच दिलं.

नाँक ओव्हिड काउंटरशी आले तेव्हा मी पिस्तूल फडक्यावर ठेवलेलं होतं. त्यांनी ते ओळखलं. माणसं ओळखत नव्हते, पण पिस्तूल लगेच ओळखलं.

"अरे वा," ते म्हणाले. "हे तर माझंच."

"तुमचंच."

त्यांनी मॅगझिन काढलं, नळीत डोकावले. मग माझ्या हिशेबाच्या कागदांवर पडलेली पेन्सिल उचलली. मला कळलं ते काय करणार, आणि मी काही करू शकलो नाही. ही परीक्षा इथे आजोबांकडून नातवाकडे येते. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीत पेन्सिल सोडायची, खोडरबराचं टोक खाली, नळीचं तोंड छताकडे, आणि चाप ओढायचा. पिन नीट असेल तर रबरावर आदळते आणि पेन्सिल टुणकन वर उडते. पोरं हसतात. पोरांना त्यासाठीच दाखवतात.

त्यांनी चाप ओढला. खट्ट झालं. पेन्सिल जागची हलली नाही.

त्यांनी घोडा मागे घेतला आणि पुन्हा ओढला. खट्ट.

दुकानात पंख्याचा आवाज होता. ते नळीतून वर आलेल्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जमत होतं, किंवा विरत होतं. मी बंदुका वाचत आलो आहे, चेहरे मला वाचता येत नाहीत. मी म्हणणार होतो की नाँक, थांबा, मी सांगतो. पण काय सांगणार होतो?

त्यांनी पिस्तूल तिरकं केलं. पेन्सिल तळहातावर घरंगळली. त्यांनी ती नीट न्याहाळली.

"ही तुझी का रे?"

"हो, नाँक."

"चांगली आहे," म्हणाले आणि ती कागदांवर परत ठेवली, होती तशीच. खिशातून काडतुसं काढली, एकेक करून मॅगझिनमध्ये भरली, पिस्तूल म्यानात सरकवलं. खांदे खाली आले. ते सरळ उभे राहिले, गाड्या अडवून उभे राहायचे तसे, आणि मला हात करून बाहेर गेले.

काचेतून मला दिसत होतं. तांत अर्लीननी त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडलं. ते बसले, कमरेवर थोपटलं. तांत माझ्याकडे वळल्या. नाँक ओव्हिडना काही कळलं का, एवढंच त्या नजरेने विचारत होत्या. त्यांना घरी जायचं होतं, त्याच घरात, त्याच माणसाबरोबर, आणि जाण्याआधी त्यांना एवढं एकच हवं होतं.

मी मान हलवली. तिचा अर्थ त्यांनी काय घेतला ते मला माहीत नाही. त्या गाडीत बसल्या.