अकोला ते अमरावती, वेशीमार्गे

नवरदेव विमानात बसला होता, फक्त इंजिन सुरू करायचं बाकी होतं, आणि अकोल्याच्या रनवेवर एका बाईनं तूर वाळत घातली होती.

मी उतरून तिच्या विनवण्या केल्या. "इमान का रोज येते? तुरीले तं रोज ऊन पायजे," असं म्हणत ती कशीबशी उठली.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलेलं. मी फ्लाइंग क्लबात पायलट. नवरदेव मधुकर, कापसाच्या जिनिंगवाल्याचा एकुलता एक मुलगा, लग्नाला विमानानंच जाईन म्हणून हटून बसलेला. वऱ्हाड सकाळीच बसनं गेलं होतं. बसला मूर्तिजापूरचा चहा धरून तीन तास, आम्हाला अर्धा. म्हणून महाशय आरामात दाढी करत बसले. मुहूर्त दुपारचा होता. तो चुकला तर पुढचा थेट वैशाखात, असं भटजींनी बजावलं होतं.

प्रवासाच्या वेळेला आमच्यात ब्लॉक टाइम म्हणतात. चाकाखालचे ठोकळे काढले की घड्याळ सुरू, उतरून परत लावले की बंद. त्या हिशेबानं आमचा प्रवास झकास झाला. मागून वारा होता. अमरावतीच्या पलीकडच्या अंगाला मुरमाची एक पट्टी होती, तिच्यावर अलगद टेकलो.

तिथं चिटपाखरू नव्हतं. थोड्या वेळानं मुलीचा मामा सायकलवर घामाघूम होऊन आला. सगळी मंडळी आरती अन् बँड घेऊन अकोला रस्त्याच्या वेशीवर उभी होती. नवरदेव अकोल्याचा, तेव्हा तिकडूनच येणार ना! विमान कुठं उतरतं हा विचार कोणाच्या डोक्यातच आला नव्हता.

मी म्हटलं, टांगा करा, गावातून सरळ वेशीवर न्या.

मामानं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "वेशीवर ओवाळल्याबिगर गावात कसा घ्याचा? अन् गावातूनच आला तं ओवाळाचं काहून?"

मधुकर म्हणाला, विमान तिकडं उतरवा. तिकडं विहिरी आणि कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्या. हात दाखवला की थांबायला ती काय बस होती? पोरगा रडकुंडीला आला. राग आला होता, तरी मला त्याची दया आली. जवळच्या शेतातली बैलगाडी मागितली, विमानापाशी गाडीवाल्याचा भाऊ बसवला आणि गावाला वळसा घालत निघालो. शेतांचे धुरे, नाले, बाभळी. जरीचा फेटा मातकट झाला. मामा पुढं सायकल हाणत होता आणि दर थोड्या वेळानं मागं वळून ऊन किती चढलं ते सांगत होता.

वेशीवर पोहोचलो तर वऱ्हाड चहा पिऊन पाय पसरून बसलेलं. मधुकरच्या वडिलांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काहून रे, इमान पंक्चर झालं काय?"

ओवाळणी उरकली आणि सगळे मांडवाकडं पळत सुटले. मुहूर्त अजून टळला नव्हता; भटजी घड्याळाकडं डोळे लावून त्या घटकेपर्यंत मंगलाष्टकं लांबवत होते. अंतरपाट दूर झाला तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

जेवणं झाल्यावर मधुकरनं ऐटीत बायकोला विमानाचं आमंत्रण दिलं. वकिलाची मुलगी ती. शांतपणे म्हणाली, "मी मंडळींसोबत बसनं जाते. तुम्ही या मागून, विमानानं."

मधुकर मुकाट्यानं बसमध्ये चढला. मी रिकामं विमान घेऊन परतलो.

तेव्हापासून कोणी विचारलं, की अकोल्याहून अमरावतीला विमानानं किती वेळ लागतो, तर मी आधी विचारतो, कशासाठी चाललात?