बशीतला करडा रंग

कुणी न सांगता मी आयुष्यात एकच भांडं घासलं, आणि नेमकं तेच घासायला नको होतं.

कडेला टवका उडालेली चिनी मातीची बशी. खिडकीत पडून होती, तळाशी करडा राप वाळलेला. कॉलेजसाठी मी मामांकडे राहायला होतो, आणि ‘ताट उचलायला माणूस ठेवायचा का’ असं मामीने त्या आठवड्यात दोनदा ऐकवलं होतं. म्हटलं, दाखवूनच देऊ. बशी लखलखीत करून पालथी घातली आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

मामांनी बशी उलटवली, तळाशी बोट फिरवलं. ‘छान निघाली,’ एवढंच म्हणाले.

मामा शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचे. सदतीस वर्षं. सुट्टीच्या दिवशी जलरंगात माणसं काढायचे. झाडं, डोंगर कधीच नाही. त्यांचं माप घेता येत नाही म्हणे. सराव चालायचा दुकानातल्या जुन्या बेतांच्या कागदांवर. चपटा ब्रश खडूसारखा आडवा धरायचा, खांद्याशी दाबायचा, कोपराशी सैल सोडायचा, मनगटाशी उचलायचा. एका ओढीत अख्खी बाही. जाड कोट असला तर ब्रश जवळजवळ कोरडा, कागदाच्या खरखरीवरून नुसता घसटत जायचा. झिरझिरीत ओढणी असली तर आधी कागद ओला, मग रंगाचा एक थेंब टाकून आपण बाजूला व्हायचं. पुढचं पाणी बघून घेई. मी एकदा ती बाही करून पाहिली, तर ‘हा हात प्लास्टरमध्ये आहे का?’ असं मामांनी फार काळजीने विचारलं.

फक्त, मामांची सगळी माणसं पाठमोरी. ‘यांच्या चित्रातल्या प्रत्येकाची बस सुटत असते,’ मामी म्हणायची.

लग्न ठरलं तेव्हा मामांनी तिला तिचा चेहरा काढून द्यायचं कबूल केलं होतं. मामी तो विषय थट्टेतच काढायची, पण काढायची. मग मामांचा हात थरथरायला लागला. मालकाने कात्री काढून घेऊन त्यांना बटणांच्या कपाटाशी बसवलं, आणि मामांनी घाईघाईने मामीला खिडकीशी स्टुलावर बसवलं. अकरा चेहरे बिघडले. खांदे झकास यायचे, चेहऱ्याशी आलं की मामा ओढीवर ओढ मारत सुटायचे आणि गालांचा चिखल व्हायचा. कापडाला दुसऱ्यांदा कात्री न लावणारा माणूस बायकोच्या गालाला दहादा ब्रश लावत होता.

बारावा चेहरा जमला. हनुवटीखालची सावली तेवढी राहिली, आणि तिच्यासाठी तो बशीतला करडा. प्रत्येक बैठकीत ब्रश निथळून साठलेला. मामीची कातडी, केस, निळी शाल, सगळं त्यात उतरलेलं. तो मी घासणीने धुऊन टाकला होता.

दुकानातून नवीन रंग आणून देतो, म्हणालो. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

‘त्यात तिचे अकरा चेहरे होते. मिळतात का विचार.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी शाल घेऊन बसली. मला कोपऱ्यात उभं केलं होतं, कशालाही हात न लावण्याच्या अटीवर. मामांनी रंगाची पेटी उघडलीच नाही. ब्रश नुसत्या पाण्यात बुडवला. श्वास रोखला की चार सेकंद हात थांबतो, हे त्यांनी बटणं ओवताना शोधून काढलं होतं. श्वास रोखला. ब्रश चित्रातल्या शालीवर टेकवला, वाळून आठवडा झालेल्या निळ्यावर. दाबला, मानेवरून वर नेला, हनुवटीखालून वळवला, उचलला. वाळलेला निळा पाण्याने जागा झाला आणि कातडीच्या रंगात मिसळत मागोमाग चढला. हनुवटी कागदापासून सुटून पुढे आली.

मामांनी श्वास सोडला. हात परत कागदाकडे निघाला, थरथरत.

‘अहो,’ मामी ओठ न हलवता म्हणाली, ‘ठेवा खाली.’

ब्रश भांड्यात गेला. चित्र वाळेपर्यंत कुणी उठलं नाही.

मग मामीने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. ‘नाक माझ्या आईचं काढलंय.’

‘होतं ते काढलं,’ मामा म्हणाले.

तिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि त्या खिळ्याला चित्र लावलं. पुढे आम्ही तारखा शेजाऱ्यांना विचारायचो.

बशीचा दंड मला झालाच. समोर तोंड करून, न हलता एक तास बसायचं. मी वीस मिनिटं बसलो. मान खाजली, खालून मित्राने हाक मारली, मी सटकलो. तोवर कागदावर माझे खांदे झाले होते. उजवा जरा पडका, तो आहेच. मग परीक्षा आली, मग दुसऱ्या गावची नोकरी.

आता श्वास रोखूनही मामांचा हात थांबत नाही. तरी मी गेलो की ते स्टूल खिडकीशी ओढतात, खांद्यांचा तो कागद फळीला लावतात, भांड्यात पाणी भरतात आणि समोर बसून माझ्याकडे बघतात. ब्रश उचलत नाहीत. मामी येता-जाता घड्याळावर नजर ठेवते, दर खेपेला राहिलेल्या चाळीस मिनिटांपासून मोजत.

मागच्या खेपेला बारा मिनिटं झाली आणि माझा फोन वाजला.

‘अठ्ठावीस राहिली,’ मामी म्हणाली.