टाचेखालची बोटं

दुपारचं जेवण झालंय. भाकरी जरा जास्तच झाली. दुकानाला आज साप्ताहिक सुट्टी, म्हणून सुकुमार मगदूम पुढच्या खोलीत सतरंजी टाकून आडवा पडलाय. डोळे मिटलेत, पण झोप काही येत नाही. कपाटाला टेकवून ठेवलेली बॅट मिटल्या डोळ्यांनाही दिसतेय. पन्नाशीला आलेला माणूस, सांगलीत चष्म्याचं दुकान, त्याची झोप उडवायला संसारात दुसरी कारणं काय कमी असतात? पण या गड्याचं कारण एकच, संध्याकाळची नेट प्रॅक्टिस.

रविवारी मिरजेच्या क्लबाबरोबर सामना आहे. रफीक बारगीर स्मृती सामना, आणि यंदा पहिलाच. रफीक हा मिरजेचा विकेटकीपर. स्टेशनजवळ त्याचं मोटारसायकलच्या सीटा शिवायचं दुकान होतं. वीसेक वर्षं मगदूम सांगलीकडून ओपनिंगला यायचा आणि रफीक त्याच्या पाठीमागं बसायचा. बसायचा म्हणजे नुसता गप्प बसायचा नाही हो! बॉलर पळायला लागला की मागून हळूच विचारायचा, "मगदूम, दुकानाला कुलूप लावलंस का?" झालं! मगदूमच्या डोक्यात कुलूप शिरायचं. आउट झाला तरी चिडायचा, नाही झाला तरी चिडायचा. कितीदा तर पॅड काढता काढता घरी फोन करून खरंच विचारायचा, की बाई, किल्ली खुंटीला आहे का बघ.

गेल्या दिवाळीनंतर रफीक झोपेतच गेला. मगदूम मातीला गेला, सगळ्यांसारखी मूठभर माती टाकली, परत आला आणि दुकान उघडलं. रडला नाही. पण तेव्हापासून त्याची बॅटिंग जी बसली ती बसलीच. साधा सरळ बॉल, आणि हा तोल जाऊन मागं कलंडतोय. कुणी म्हणतं डोकं पडतंय, कुणी म्हणतं पाय अडकतोय. "चष्मेवाल्यालाच बॉल दिसेना!" म्हणून पोरं खिदळतात. कॅप्टन सम्मेद त्याच्याहून निम्म्या वयाचा. काल त्यानं अगदी अदबीनं सांगितलं, "अण्णा, तुमचा बॅलन्स गेलाय. उद्या नेटमध्ये बघू. नाहीच जमलं तर रविवारी तुम्ही मांडवात थांबा. पाहुण्यांचं शाल-नारळाचं तेवढं बघा."

शाल-नारळ! रफीकच्या सामन्यात मगदूमनं शाल-नारळ बघायचे! हे त्याच्या जिवाला फार लागलंय. त्याला रफीकच्या फोटोसमोर हात जोडून उभं राहायचं नाही, त्याला बॅटिंग करायचीय.

पंखा खडखडतोय. आत बायको, पद्मजा, भांडी लावतेय. एक वाटी पडते, तिचा आवाज गोल गोल फिरत लांब जातो, आणि मगदूम आपल्या दुकानात उभा असतो.

शटर अर्धं खाली आहे. दोन्ही बाजूंना फ्रेमांची कपाटं. दुकान तेच, फक्त लांबी पिचएवढी झालीय, आणि त्याचं त्याला नवल वाटत नाही. पार टोकाला भिंतीवर नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता उजळलाय. बॉलर तिथूनच येणार हे त्याला ठाऊक आहे. पायाखाली फक्कीनं क्रीझ आखलीय, पांढरी, ताजी. अंगात बनियन आणि लेंगा, पाय अनवाणी, हातात बॅट.

"गार्ड घेतलास का?" मागून आवाज येतो.

मगदूम गर्रकन वळतो. तेवढ्यात बॉल येतो आणि स्टंप उडतो. काच फुटल्यासारखा आवाज होतो.

"बॉल बघ की लेका! मला काय बघतोस?"

"रफ्या?"

"मग दुसरं कोण असणार मागं?"

मगदूम पुढं तोंड करतो. भीती अशी वाटत नाही. "तू गेलास की रे," तो म्हणतो.

"गेलो. म्हणून काय तुझा स्टंप उडाला नाही व्हय? उभा राहा नीट."

तो उभा राहतो. तक्त्यावरची अक्षरं हलतात, त्यातून एक हात वर येतो, बॉल सुटतो. मगदूमला वाटतं आता मागून विचारणार, आता विचारणार. मागून काहीच येत नाही. बॉल मात्र येतो, आणि पुन्हा स्टंप उडतो.

"बघितलंस?" रफीक म्हणतो. "तो सम्मेद काय म्हणतोय?"

"बॅलन्स गेलाय म्हणतोय."

"पोरगं खरं बोलतंय. पण कुठं गेलाय ते त्याला दिसायचं नाही, तो समोरून बघतोय. तुझं तोंड सगळ्या सांगलीनं बघितलं असेल मगदूम, तुझी पाठ फक्त मी बघितलीय."

फरशीला गवत आलंय. शेजारून कृष्णेचं पाणी संथ चाललंय, आणि स्क्वेअर लेगला फ्रेमांचं कपाट तसंच उभं आहे. दोरीपलीकडं माणसं मोडके चष्मे हातात धरून थांबलीत. कुणाला घाई नाही.

"तुझं सगळं वजन टाचांवर आहे," रफीक सांगतो. "टाचा टेकल्या की डोकं मागं जातं. डोकं मागं गेलं की बॉल उशिरा दिसतो. माणूस चवड्यांवर पाहिजे, डोकं पुढच्या गुडघ्याच्या वर पाहिजे. शाळेतल्या पोराला कळतं हे."

"मला काय माहीत नाही होय? पण होतंय तसं, त्याला काय करू?"

"का होतंय ते सांगू?"

"सांग."

"तू ऐकत असतोस."

मगदूम बॅटनं गवत टोकरतो. पाणी चाललंय.

"मी कुलूप विचारायचो, तू चिडायचास. चिडलास की दातओठ खात पुढं झुकायचास. वजन आपोआप पुढं यायचं. आता मागं नवा पोरगा बसतोय, तो च्युइंगम चघळतोय, बोलत नाही. आणि तू आपला मागं रेलून वाट बघतोयस, कधी विचारतोय म्हणून."

"सवय लागली रे तुझी," मगदूम म्हणतो. "मातीला आलो तेव्हा रडू आलं नाही. दुकानात येत नाही, घरात येत नाही. क्रीझवर उभं राहिलं की येतंय. समोरचा बॉल धूसर होतो. पोरं म्हणतात, चष्मेवाल्याला बॉल दिसेना."



"मग रड की," रफीक म्हणतो. "पण बॉलर पळायला लागायच्या आधी रड."

मगदूमला हसू येतं आणि त्या हसण्यातच डोळे वाहायला लागतात. तो बॅट काखेत धरून बनियनच्या टोकानं डोळे पुसतो. बॉलरचा हात तक्त्याजवळ थांबून राहतो. दोरीपलीकडची माणसंही थांबून राहतात. वाईट वाटतंय, बरंही वाटतंय, आणि कुणी बघितलं तर काय म्हणेल, असं जराही वाटत नाही.

"झालं?"

"झालं."

"मग घे स्टान्स."

मागं ग्लोव्ह्ज काढल्याचा आवाज होतो. मग उजव्या टाचेखाली काहीतरी सरकतं. गार नाही, गरम नाही. बोटं आहेत. रफीकची बोटं मगदूमला न बघता ओळखू येतात. वेगवान बॉल झेलून झेलून उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट एकदा मोडलं, ते वाकडंच बसलं. चहाचा कप धरला तरी ते बाजूला निघायचं, आणि रफीक म्हणायचा, हे आपलं बोट मिरजेचं नाही, स्वतंत्र आहे.

"अरे काय करतोस? पाय पडेल!"

"म्हणून तर घातलीत. आता टाच टेकव बघू. आधीच एक मोडलंय, बाकीची तू मोड."

मगदूमची काय टाच टेकवायची हिंमत होतेय! त्याचं अंग आपोआप पुढं येतं. वजन चवड्यांवर, गुडघे सैल, डोकं गुडघ्यावर. टाचेखाली ती चार बोटं, वर कागद सरकेल एवढीच फट. पायांत इतकं हलकं वाटतंय की आपण गेले कित्येक महिने ओझं घेऊन उभे होतो हे त्याला आत्ता कळतंय.

"मागं बघायचं नाही."

"बघत नाही."

बॉल येतो. लाल, शिवण फिरताना दिसतेय. मगदूम कशाचीच वाट बघत नाही. पाय पुढं पडतो, बॅट सरळ येते, आणि टक्! असा आवाज होतो, की दोरीपलीकडचा एक म्हातारा मोडका चष्मा वर करून दाद देतो. बॉल तक्त्याला घासून थेट पाण्यात.

"हां!" रफीक म्हणतो.

पुढचे बॉलही तसेच जातात. रफीकची बोटं प्रत्येक वेळी टाचेखाली येतात, टाच प्रत्येक वेळी अधांतरी राहते. दोघंही फार बोलत नाहीत. खरं तर मगदूमला पुष्कळ विचारायचंय, तिकडं कसं आहे, दुखलं का, बायकोनं सीटांचं दुकान चालू ठेवलंय ते ठाऊक आहे का. पण बॉल येत राहतो आणि बॉल सोडून बोलायची सोय नाही.

मग रफीक उठतो. गुडघे मोडल्याचा तो जुना आवाज होतो. "ओव्हर झाली."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ओव्हर झाली की कीपर पलीकडं जातो. एवढी वर्षं खेळून तुला सांगावं लागतंय?"

आणि तो मगदूमच्या शेजारून पुढं निघतो. पॅड बांधलेला, टोपी उलटी, मानेला टॉवेल. चालताना बॅटवर एक हलकी थाप मारतो, तोंड वळवत नाही. मगदूमला त्याला थांबवायचंय. पण विकेटकीपरला ओव्हर संपल्यावर थांबवतात का कधी? तो बघत राहतो. रफीक पिच ओलांडून तक्त्याखालच्या स्टंपामागं जातो आणि उकिडवा बसतो. बॉल खेळणाऱ्याला विकेटकीपर समोर कधी दिसत नाही. आज दिसतोय. तेच तोंड, तेच मिस्कील डोळे.

"आता ऐकायचं असेल तर समोर बघ!" तो तिकडून ओरडतो. मग ग्लोव्ह्ज तोंडाशी धरून, अगदी हळू, "मगदूम, दुकानाला कुलूप लावलंस का?"

मगदूमचे डोळे उघडतात.

पंखा खडखडतोय. खिडकीतून ऊन फरशीवर आलंय. पद्मजा चहाचा कप घेऊन दारात उभी आहे.

"उठा, प्रॅक्टिसला उशीर व्हायचा." ती कप टेबलावर ठेवते आणि वाकून बघते. "अहो, हे पायाला काय लागलंय? सकाळीच तर फरशी पुसलीय मी!"

मगदूम उठून बसतो आणि उजवा पाय मांडीवर घेतो. टाचेला फक्की लागलीय. पांढरी, ताजी. चार बोटांचे चार पट्टे, आणि करंगळीशेजारचा पट्टा मध्येच बाजूला वळलाय.

"पुसून देऊ?" पद्मजा पदर पुढं करते.

"नको," तो घाईनं म्हणतो. "राहू दे."

तो बॅट घेतो आणि फरशीवर स्टान्स घेतो. टाच खाली टेकत नाही. समोर नुसती भिंत आहे, तिच्यावर काही नाही. मगदूम डोकं पुढं घेऊन त्या भिंतीकडं बघतो.

"लावलंय रे," तो म्हणतो.

"काय लावलंय?" पद्मजा विचारते.

"कुलूप," मगदूम म्हणतो, आणि खाली बसून उजव्या पायात मोजा जपून चढवायला लागतो.