डाव्या कानात ढोलकी

आमचे सासरे हयात असताना माझे आईवडील इंदापूरहून त्यांच्या मयताला येऊन गेले, आणि त्याला कारण मी निवडलेले इअरफोन होते.

निवडलेले म्हणजे उगाच उचलून आणलेले नव्हेत. बारामतीतली तीन दुकानं फिरून, एकेक जोडी कानात घालून, आवाज पारखून आणलेले. एवढी पारख मी नवरा निवडताना केली नव्हती. (हे आमच्या ह्यांनाही मान्य आहे.)

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. मी बारामतीच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि वडगाव निंबाळकरहून रोज एसटीनं जायचे-यायचे. खात्याच्या परीक्षेत एकदा नापास झाले होते. नापास होण्याची कारणं दोन होती, माझा अभ्यास आणि तात्यांचा रेडिओ. पहिल्या कारणाबद्दल मी घरात फारसं बोलले नव्हते.

तात्या म्हणजे माझे सासरे. त्यांचा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेलेला. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून तिकिटं फाडायची सवय, त्यामुळं साधं ‘चहा ठेव’सुद्धा ते शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा बेतानं म्हणायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. तेव्हापासून रेडिओ हीच तात्यांची सोबत, आणि तोही त्यांच्याच पट्टीत बोलायचा. सकाळी बातम्या, मग शेतीचा कार्यक्रम (आमची शेती म्हणजे दारातली शेवग्याची दोन झाडं), मग गाणी, आणि क्रिकेट असलं की दिवसभर क्रिकेट. मी रजेचे नियम पाठ करायला बसले की त्यात उसावरची खोडकीड शिरायची. परीक्षेत अर्जित रजेच्या उत्तरात मी एकरी किती खत टाकावं ते लिहून आले असणार, अशी मला आजही शंका आहे.

आमचे हे साखर कारखान्यात केमिस्ट. तात्यांना जरा समजावून सांगा, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, “सांगतो की,” आणि पायात चपला घालून जे ड्यूटीवर गेले ते दुसऱ्या दिवशीच परत आले. म्हणजे हे काम माझ्यावरच होतं.

कचेरीत आमच्या एका बाईंकडं वॉकमन होता. जेवणाच्या सुट्टीत त्या कानात बोंडं घालून डोळे मिटून बसायच्या आणि शेजारी बसलेल्याला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मला मार्ग दिसला. पगार झाल्याच्या शनिवारी मी दुकानं धुंडाळायला निघाले. अट एकच होती. आवाज चांगला पाहिजे आणि किंमत कारकुनाला झेपणारी पाहिजे. (ही एक नाही, दोन अटी आहेत, हे पहिल्याच दुकानदारानं दाखवून दिलं.)

तिसऱ्या दुकानातले शेठ सज्जन होते. त्यांनी मला स्टूल दिलं, आपला वॉकमन काढला आणि एकेक जोडी जोडून द्यायला सुरुवात केली. डोक्यावरून कमान जाणारे मोठे हेडफोन मी आधीच बाद केले, कारण तात्या टोपी फक्त झोपताना काढायचे. राहिले कानात घालायचे. सगळ्यात स्वस्त जोडीतून पत्र्याच्या डब्यात कोंडलेली माशी गावी तसा आवाज आला. सगळ्यात महाग जोडीत गाणारी बाई अगदी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून गात होती, पण किंमत ऐकल्यावर मी तिला खाली उतरवलं. मधली जोडी मात्र लावली आणि मी स्टुलावरच डोलायला लागले. डाव्या कानात ढोलकी, उजव्या कानात बाई. दोघं दोन बाजूंना आणि मी मधोमध बसलेली. असं ऐकणं मला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं.

कानात इअरफोन असले की आपला आवाज किती चढलाय ते आपल्याला कळत नाही, हे ज्ञानही मला त्याच स्टुलावर मिळालं. मी माझ्या समजुतीप्रमाणं शेठना हळूच सांगितलं, की हे सासऱ्यांसाठी हवेत, त्यांच्या रेडिओनं घर डोक्यावर घेतलंय आणि आता माझं डोकं फुटायची वेळ आलीय. शेठ एकदम खाली बघायला लागले. मी कानातली बोंडं काढली तर दुकानात सामसूम. मागं दुरुस्तीला टाकलेला मिक्सर न्यायला आलेल्या कमलआत्या उभ्या होत्या. कमलआत्या म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारीण. त्या माझ्याकडं बघून गोड हसल्या आणि मिक्सर बगलेत मारून निघून गेल्या. मी आणखी अर्धा तास आवाज पारखत बसले. त्यांना आधीची एसटी मिळाली.

मी घरी पोचले तेव्हा रेडिओ बंद होता. तात्या पडवीत खाटेवर ताठ बसले होते.

“आण पोरी,” ते म्हणाले. “माझा आवाज बंद करायचं यंतर आणलंस म्हनं.”

जमीन दुभंगली असती तर मी इअरफोनसकट आत गेले असते. ती दुभंगली नाही म्हणून मी बोलायला लागले, आणि घाबरून बोलले म्हणून फार बोलले. बंद करायचं नाही तात्या, उलट नीट ऐकायचं यंत्र आहे, असं सांगितलं. डाव्या कानात ढोलकी येते आणि उजव्या कानात गाणं येतं, मोठ्या शहरांतले लोक असंच ऐकतात, असंही सांगितलं. बोंडांवर डाव्या-उजव्याची अक्षरं होती ती दाखवली आणि शेठनं मला दिलेला सगळा उपदेश त्यांना दिला, की हे डाव्याचं, हे उजव्याचं, अदलाबदल अजिबात करायची नाही, नाहीतर आवाजाची मजा जाते. नियम म्हटला की तात्या तो पाळायचे. कंडक्टरचा पिंड. त्यांनी टोपी मागं सरकवली, नेमकी बोंडं नेमक्या कानात घातली, मी पिन रेडिओत खोचली आणि घर शांत झालं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “ढोलकी कवा येती?”

“येईल की,” मी म्हणाले. “गाणं तर लागू दे.”

त्यानंतर त्यांनी ढोलकीचं नाव काढलं नाही. आठ दिवस मी जो अभ्यास केला तसा त्याआधी कधी केला नव्हता. रजेचे नियम कीड न लागता डोक्यात जात होते. मी इतकी सुखात होते, की तात्या कमी बोलतायत हे मला दिसलंच नाही. ते आता बोलणाऱ्याकडं उजवी बाजू करून बसायचे. मला वाटलं, रुबाब आलाय. घरात लसणीच्या तेलाचा वास यायला लागला. मला वाटलं, दुपारी चटणी करून खात असतील. डाव्या बोंडावरचा स्पंज तेलानं थबथबला होता. मी तो साबणानं धुऊन वाळत घातला आणि एवढी चांगली वस्तू कशी वापरावी ते म्हाताऱ्या माणसांना कळत नाही, असं मनातल्या मनात म्हणून पुस्तकाकडं वळले.

तात्यांचा मात्र एव्हाना पक्का समज झाला होता, की आपला डावा कान गेला. सुनेनं स्वतः ऐकलेली ढोलकी आपल्याला येत नाही, म्हणजे दुसरं काय असणार? इतकी वर्षं इंजिनाशेजारी उभं राहिल्याचं हे फळ. घरात त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं फक्त वडगावच्या स्टँडवर, त्यांच्या वेळच्या एका ड्रायव्हरला. आणि एसटीतल्या माणसाला सांगितलेली गोष्ट एका जागी थांबत नाही. वडगावहून निघालेला डावा कान बारामतीच्या स्टँडवर पोचेपर्यंत दोन्ही कान झाला. तिथं इंदापूरची गाडी धरायच्या गडबडीत कान मागं राहिले आणि ‘वडगावचे तात्या गेले’ एवढंच गाडीत चढलं. इंदापूरच्या स्टँडसमोर माझ्या वडिलांची चहाची रोजची बैठक. त्यांना ते तिथंच उतरवून देण्यात आलं.

दिवस रविवारचा. कचेरी बंद, त्यामुळं त्यांना मला फोन करायची सोय नव्हती. अण्णा आणि आई मिळेल त्या गाडीनं निघाले. आईच्या पिशवीत कोरं पांढरं कापड होतं आणि मेणबत्त्यांचा पुडा होता.

मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते. तात्या पडवीत खाटेवर उताणे पडून, छातीपर्यंत पांढरी चादर घेऊन, डोळे मिटून ऐकत होते. कानांत बोंडं, रेडिओ चादरीत, आवाज पूर्ण चढवलेला. दारातून आईला दिसलं ते एवढंच. तिनं पिशवी खाली टाकली आणि हंबरडा फोडला.

तो ऐकून आधी कमलआत्या धावत आल्या. आईला रडताना बघितलं आणि काही न विचारता त्यांनीही सूर लावला. मग आळी गोळा झाली. मी बाहेर येऊन बघते तर आई रडतेय, कमलआत्या रडतायत, अण्णा टोपी हातात घेऊन उभे आहेत आणि मधोमध तात्या निपचित. आत्ता हसायला येतं, पण तेव्हा नाही आलं. मी खाटेच्या पायथ्याशी बसले आणि खरीखुरी रडले. एकच गोष्ट डोक्यात येत होती, की जाताजाता ह्या माणसाचा रेडिओसुद्धा मी मोकळेपणानं वाजू दिला नाही.

गाणं संपलं असावं. तात्यांनी डोळे उघडले. सभोवार रडणारी माणसं बघून ते घाईनं उठून बसले, उजव्या कानातलं बोंड काढलं, व्याह्यांना हात जोडले आणि आदबीनं म्हणाले, “जय भीम, पाव्हणं. कोण गेलं?”

 अण्णांच्या तोंडून निघालं, “तुमीच की.”

त्यानंतर सगळा उलगडा व्हायला बराच वेळ गेला, कारण आई मध्येच रडत होती आणि मध्येच तात्यांवर रागावत होती. आपण गेलो नसून आपला डावा कान गेलाय, हे तात्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. मग घरात का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “तू पगारातनं आणलंस. ढोलकी येत न्हाय म्हनून कसं सांगू? तुला वाटलं असतं, म्हाताऱ्याला किंमत न्हाय.”

मी पदर डोळ्याला लावला. ह्या खेपेला कुणाला दिसू नये म्हणून.

अण्णा इंदापुरात वायरमन होते. ते खाटेवर बसले आणि पहिलं काम काय केलं असेल तर दोन्ही बोंडांची अदलाबदल. मी “अहो, तसं चालत नाही,” म्हणेपर्यंत त्यांनी ती तात्यांच्या कानात घातलीसुद्धा. तात्यांचा चेहरा उजळला. डाव्या कानानं त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. मग एकाएकी तो उतरला. “पाव्हणं,” ते म्हणाले, “आता उजवा गेला.”

अण्णांनी पिन उपसून डोळ्यांजवळ धरली. मग रेडिओचं भोक बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तात्यांचा रेडिओ जुना, एका कानात घालायच्या बोंडासाठी केलेला. मी आणलेली पिन दोन कानांची. त्या रेडिओत खोचली की एकाच बाजूला आवाज येणार आणि दुसरं बोंड नुसतं कान बुजवून बसणार. मी सगळी पारख केली होती ती शेठच्या वॉकमनवर.

“रेडिओ कसला हाय, ते दुकानात सांगितलं हुतंस का?” अण्णांनी विचारलं.

सासऱ्यांबद्दल मी त्या दुकानात पुष्कळ सांगितलं होतं. रेडिओबद्दल तो फक्त मोठ्यानं वाजतो एवढंच.

मध्ये जोडायची छोटी पिन मिळते, ती लावली की दोन्हीकडं येईल, असं अण्णा सांगत होते, पण तात्यांना आता त्यात रस नव्हता. दोन्ही कान शाबूत असल्याच्या आनंदात त्यांनी इअरफोन उपटून माझ्या हातात दिले आणि रेडिओ सोडला. तो आठ दिवसांचा राग काढल्यासारखा कडाडला. मयताला जमलेली आळी चहा पिऊन, बातम्या ऐकून घरी गेली. मेणबत्त्या पुढं लाइट जायची तेव्हा उपयोगी पडल्या. दर वेळी पेटवताना तात्या म्हणायचे, “जपून लाव, माझी हाय ती.”

राहता राहिली परीक्षा. पडवीत रेडिओ पूर्ववत आणि महिना हातात. शेवटी मीच ते इअरफोन कानात घट्ट बसवले, पिन कमरेला खोचली आणि अभ्यासाला लागले. कशालाही न जोडलेले इअरफोन आवाज फार छान अडवतात. मी पास झाले. तात्यांनी पेढे वाटताना सगळ्या वडगावाला सांगितलं, की आमची सून दिवसभर गाणी ऐकत बसायची तरी पास झाली, डोकं हाय पोरीला.

आठवडाभरात कमलआत्या आल्या. त्यांची मुलगी दहावीत दुसऱ्यांदा बसणार होती. तुझ्यासारखं गाण्याचं यंत्र आमच्या पोरीलाही आण, पारख तुला चांगली आहे, असं त्या म्हणाल्या. मी काय प्रकार होता तो समजावून सांगितला. त्यांना तर ते जास्तच आवडलं.

म्हणून शनिवारी मी पुन्हा त्याच शेठपुढं, त्याच स्टुलावर. अजिबात आवाज न येणारे इअरफोन आहेत का, असं विचारलं. शेठनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, टेबलाखालून बिघडून परत आलेल्या जोड्यांचा खोका काढला आणि म्हणाले, यातली कुठलीही घ्या ताई, पैसेही नकोत.

फुकट असली म्हणून काय झालं? मी एकेक जोडी वॉकमनला लावून, कानात घालून तपासली. एकीत बारीक खरखर ऐकू येत होती. तेवढी मी बाद केली.