फोनच्या भोकातलं कुंकू

ही गेल्यापासून हिचा फोन मीच वापरतो. पण माझा आवाज लेकीपर्यंत जात नव्हता. म्हणून दुकानात नेला. दुकानदारानं फोन उघडला, खालचं बारीक भोक भिंगाखाली धरलं नि हसला.

"आजोबा, यात कुंकू भरलंय. फोनची पूजा करता काय?"

"बायको करायची. दसऱ्याला विळी, शिलाई मशीन नि हा फोन, सगळ्यांना ओलं हळदकुंकू."

"मग आवाज कसा जाणार? काढतो."

थांब म्हणायचं ओठांवर आलं होतं. घरात तिची लुगडी आहेत, भांडी आहेत. माणूस गेलं की वस्तू राहतात, हात राहत नाही. तिच्या बोटानं लावलेलं एवढंच उरलं होतं. पण लेक तिकडं नुसती हॅलो हॅलो करत बसते, तेही बरं नाही.

"काढ," म्हणालो.

त्यानं ब्रश फिरवला. टेबलावर जराशी लाल भुकटी पडली. तो फुंकणार तेवढ्यात मी त्यात बोट टेकवलं नि फोनच्या पाठीला लावलं.

"भोकापासून लांब लावा, आजोबा. तेव्हाच लांब लावलं असतं तर बिघडलाच नसता."

"तिनं ऐकलं नसतं," मी म्हणालो.