चटईवरचं काम

संस्थेचे सचिव सर बालवाडीच्या दारात उभे होते आणि माझी चौदाच्या चौदा मुलं गाढ झोपली होती. वेळ सकाळी साडेनऊची.

राजुऱ्यापासून तासाभरावर, जंगलाला लागून असलेल्या गावात आमची बालवाडी. पद्धत मॉन्टेसरी. म्हणजे बाई पुढे उभी राहून शिकवत नाही. मूल शेल्फवरचं साहित्य स्वतः निवडतं, आपली चटई अंथरतं, त्यावर बसून काम करतं आणि झालं की सगळं जागच्या जागी ठेवतं. काय निवडायचं त्याची मोकळीक पूर्ण. नियम दोनच: दुसऱ्याच्या चटईवर पाय द्यायचा नाही आणि काम करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही. हे मी महिनाभर घोकून घेतलं होतं. चटईवर झोपायचं नाही, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं. ट्रेनिंगमध्येही कोणी बोललं नव्हतं.

त्यात मोहाचा सीझन आला. मोहाची फुलं पहाटे गळतात. त्यामुळे अख्खं गाव टोपल्या घेऊन अंधारातच रानात, पोरंही सोबत. नऊ वाजता माझ्याकडे येईपर्यंत त्यांची एक ड्यूटी झालेली असायची. येऊन चटई अंथरायची, तिच्या कडा सरळ करायची आणि अंग टाकायची. उठवावंसं वाटायचं, पण नियम माझाच होता.

सचिव सर रिटायर्ड मुख्याध्यापक. त्यांना पहिल्यापासून बेंच हवे होते. या भेटीत वर्ग पटला नाही तर सोमवारपासून बेंच, पाटी आणि बाराखडी, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. माझी वर्षभराची मेहनत त्या खोलीत घोरत पडली होती. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"मॅडम, ही कोणती ॲक्टिव्हिटी?" सरांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत ते तरातरा निघाले, सरळ चटयांवरून. तेवढ्यात पाच वर्षांची चंदा जागी झाली आणि डोळे चोळत त्यांच्यासमोर उभी राहिली.

"चटईवर पाय नोका देऊ, आबाजी. बाजूनं जा. तो काम करून राह्यला."

"कोणतं काम?"

"झोपून राह्यला."

उभ्या नोकरीत सरांना असं कोणी अडवलं नसेल. ते मुकाट्यानं भिंतीकडून वळसा घालून गेले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. हळूहळू एकेक पोरगं उठलं. चटई सरळ केली, इतरांच्या चटया चुकवत शेल्फपर्यंत गेलं, मण्यांचा नाहीतर ठोकळ्यांचा ट्रे घेऊन आपल्या जागी येऊन बसलं. कोणाला काही सांगावं लागलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

अर्ध्या तासानं सर म्हणाले, "बेंच राहू द्या. माझ्या शाळेत छडीनंही एवढी शांतता झाली नाई. पण हे टाइमटेबलात पाहिजे."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तक्ता लिहून भिंतीला लावला. नऊ ते दहा: झोप. सगळ्यांना सक्तीची.

दुसऱ्या दिवसापासून नऊ ते दहा एकही पोर डोळा मिटेना. चंदाला विचारलं, तर म्हणाली की आज तिनं दुसरं काम निवडलंय. दहाचा ठोका पडला की मात्र सगळी शाळा आडवी.

मुलांची झोप उडवायची असेल तर ती टाइमटेबलात टाकावी. बाराखडीही सरांनी टाकली असती, तर ती कधीच कोणाला आली नसती.