विनूसारखा फोटो काढून देणारा लॅपटॉप

मी मत्सरी माणूस नाही. शेजारच्या विनूचं चांगलं झालेलं मला बघवत नाही, एवढंच.

विनू माझा सख्खा चुलतभाऊ. नागावात आमच्या दोघांच्या वाड्या एकमेकींना खेटून आहेत, मध्ये फक्त कंबरेएवढा दगडी गडगा. आजोबांनी वाटण्या केल्या तेव्हा झाडं-पाण्याचा भाग आमच्याकडे आला आणि विनूच्या वडिलांना रस्त्याकडचा खडकाळ तुकडा मिळाला. (आमच्या घरी त्या दिवशी श्रीखंड केलं होतं म्हणे!) विनूनं त्या खडकावर दुमजली घर बांधलं, वर ऐसपैस गच्ची काढली आणि होमस्टे सुरू केला. मग मी काय मागे राहतो? मीही मागच्या पडवीला लागून दोन खोल्या काढल्या, फाटकावर पाटी लावली. शनिवार-रविवारी विनूकडे गाड्या लावायला जागा उरायची नाही. माझ्याकडेही एक गाडी आली होती. वळवून घ्यायला.

याचं कारण एकच. फोटो! विनूनं इंटरनेटवर टाकलेला एक फोटो. सोनेरी आभाळ, खाली पोफळींची दाट हिरवी रांग, त्यातून तिरपं उतरलेलं ऊन आणि कोपऱ्यात कुठंतरी चकाकणारं पाणी. खाली लिहिलेलं, 'आमच्याकडून दिसणारी सकाळ.' लोक तो फोटो बघायचे आणि मुलांच्या परीक्षा सोडून बुकिंग करायचे.

आता मी शाळामास्तर माणूस, गणित शिकवतो. विनूच्या वाडीत आहेत मोजून सात पोफळी, त्याही पाणी न मिळाल्यानं रुसलेल्या. फोटोत पोफळी दिसत होत्या निदान साठ!

"याला म्हणतात एडिटिंग," मी बायकोला, सुनंदाला म्हटलं. "सातच्या साठ केल्यान् बघ! आणि ते पाणी म्हणजे त्यानं पोरांना डुंबायला बांधलेला सिमेंटचा हौद."

"जाऊन बघून या की एकदा. गडग्यापलीकडे तर आहे."

"मी? त्याच्या दारात?" मी म्हटलं. विनूच्या वास्तुशांतीलासुद्धा मी पाठदुखीचं कारण सांगून गेलो नव्हतो. (पाठ खरंच दुखत होती. जेवणावळीची पंगत गडग्यावरून वाकून बघितल्यामुळे.)

त्यातून विनूच्या पाहुण्यांना एक खोड होती. सकाळी गडग्यावरून माना काढून आमच्या वाडीत बघत राहायचे, मोबाईल रोखायचे. एकदा तर दोन बायका सरळ आत आल्या. मी विहिरीजवळ बनियनवर बसून पाटाला पाणी लावत होतो.

"ओ ताई, खासगी वाडी आहे ही!" मी ओरडलो. "बघायचं ते विनूकडचं बघा!"

त्या माझ्याकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसत हसल्या आणि गेल्या. विनूनंच पढवून पाठवल्या असणार, अशी माझी खात्री झाली आणि त्याच दुपारी मी ठरवलं, फोटो एडिट करायला लॅपटॉप घ्यायचाच. माझे फोटो मी मोबाईलवर काढले होते. एकात दोरीवरचा माझा लेंगा ठळक आला होता, दुसऱ्यात गॅस सिलिंडर खोलीपेक्षा मोठा दिसत होता आणि तिसऱ्यात सगळा माझा अंगठाच होता.

प्रश्न पैशांचा होता. त्या वर्षीच्या सुपारीचे पैसे नव्या फ्रीजसाठी बाजूला ठेवले होते. आमच्या जुन्या फ्रीजचा दरवाजा लागत नसे, त्याला नायलॉनची दोरी बांधावी लागे. पाहुण्यांसाठी आणलेली सुरमई त्यात एक दिवस टिकायची. (पाहुणेच नसल्यामुळे अर्थात ती आम्हीच खायचो.)

"आधी फोटो, मग पाहुणे, मग फ्रीज!" मी सुनंदाला समजावलं. "नाताळापर्यंत खोल्या भरल्या नाहीत तर माझं नाव बदल."

"नाव राहू दे," ती म्हणाली. "नाताळापर्यंत खोल्या भरल्या नाहीत तर पाटी मी उतरवीन. आणि फ्रीजची दोरी रोज तुम्ही सोडायची, तुम्ही बांधायची."

पुण्याला शिकणाऱ्या आमच्या लेकीला, गार्गीला फोन लावला. तिनं भराभर सांगितलं, मी लग्नपत्रिकेच्या मागं लिहून घेतलं.

"बाबा, रॅम सोळा. एसएसडी पाचशे बारा. स्क्रीन आयपीएसच बघा, नाहीतर रंग खोटे दिसतात. ग्राफिक्स कार्डच्या नादी लागू नका, तेवढं बजेट नाहीये आपलं. मोठ्या ऑफिसांतून निघालेले वापरलेले लॅपटॉप मिळतात, ते बघा. आणि मुख्य म्हणजे एकच फोटो पेनड्राइव्हवर घ्या आणि प्रत्येक लॅपटॉपवर लावून बघा, म्हणजे फरक कळेल."

एकच फोटो. कुठला? विचारायलाच नको! गाठायचं होतं ते शिखरच सोबत न्यावं म्हणून मी विनूचा फोटो उतरवून घेतला.

अलिबागच्या पहिल्या दुकानात एसी होता, म्हणजे तिथंच मी ओळखायला हवं होतं. एका चटपटीत मुलीनं मला लॅपटॉप दाखवला. त्याच्या बटणांतून लाल-निळे-हिरवे दिवे फिरत होते.

"सर, बजेट काय आहे?"

मी बजेट सांगितलं. तिनं अतिशय अदबीनं तो लॅपटॉप मिटला आणि मला माउस आणि कीबोर्डच्या कपाटाकडे नेलं. तरीही मी हट्टानं तिच्याकडच्या स्क्रीनवर पेनड्राइव्ह लावायला लावला. फोटो उघडला. आभाळ असं पेटलं की मी दोन पावलं मागं सरकलो.

"वॉव सर! कुठंय हे? तुमचं आहे?"

आता 'हो' म्हणावं तर खोटं, 'नाही' म्हणावं तर जीव जातो. "चुलतभावाचं आहे," मी दातओठ खात म्हटलं. "नागावला."

"नंबर द्या ना! आमचा सगळा स्टाफ ट्रिप काढतोय."

मास्तर पडलो. विचारलं की उत्तर द्यायची सवय. दिला नंबर!

दुसऱ्या दुकानात लॅपटॉप बजेटात बसत होता, पण फोटो लावल्यावर आभाळ गेरूसारखं दिसलं आणि जरा बाजूनं बघितलं तर काळंच झालं. मालक म्हणाले, "समोरूनच बघायचं, मान हलवायची नाही." पण फोटो त्यांनाही आवडला. त्यांचे व्याही यायचे होते. पुन्हा नंबर!

तिसरे आमचे सलीमभाई. मूळचे रेवदंड्याचे, पंधरा वर्षं मस्कतला दुकान सांभाळून आलेले, आता अलिबागेत वापरलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकतात. मी लग्नपत्रिका पुढं केली.

"मास्तर, कागद ठेवा खिशात," ते म्हणाले. "हा घ्या. कंपनीतला माल हाय. सोळा रॅम, स्क्रीन एक नंबर. बॅटरी नवी टाकलीय. फक्त वजनाला जरा भारी."

उचलून बघितला. पाट्याएवढा भरला. झाकणावर कुठल्याशा कंपनीचा स्टिकर खरवडून काढल्याची खूण होती. पण फोटो लावला आणि पोफळी हिरव्या दिसल्या, आभाळ सोनेरी दिसलं, बाजूनं बघितलं तरी सोनेरीच राहिलं!

"या अल्लाह, काय जागा हाय!" सलीमभाईंनी चष्मा वर केला. "कोणाची?"

"आता तुम्ही पण नका विचारू!"

"विचारू नको तर काय? नाताळात आमचे साडू येतात मस्कतवरनं. नंबर बोला."

सुपारीचे सगळे पैसे सलीमभाईंना देऊन, लॅपटॉप मांडीवर घेऊन मी रिक्षानं घरी आलो तेव्हा विनू गडग्यापाशी केळ्यांचा अख्खा घड घेऊन उभा होता.

"दादा, एका दिवसात तीन बुकिंग पाठवलीस तू! मी वहिनीला म्हटलंसुद्धा, दादा वरून फणसासारखा आहे, पण आत गरे आहेत गरे!"

ती केळी मी आठ दिवस खाल्ली नाहीत. (नवव्या दिवशी काळी पडली म्हणून खाल्ली.)

मग माझं एडिटिंग सुरू झालं. शाळेतून आलो की लॅपटॉप. हिरवा रंग वाढवला तर वाडीला कसला तरी रोग झाल्यासारखं दिसायला लागलं. आभाळ सोनेरी केलं तर भिंतही सोनेरी झाली आणि भिंतीला टेकून उभी असलेली सुनंदाही. दोरीवरचा लेंगा पुसायला गेलो तर दोरी राहिली, लेंगा राहिला आणि मागच्या माडाचं खोड गेलं. नारळांचा घड तेवढा हवेत लटकत राहिला!

"छान आहे," सुनंदा म्हणाली. "पाडायला गडी नको, चढायला माड नको."

नाताळ पंधरा दिवसांवर आला. खोल्या रिकाम्या. सुनंदानं पाटीचे खिळे उपसायला पक्कड काढून ओट्यावर ठेवली होती, आणि मी फ्रीजची दोरी दिवसातून आठ वेळा सोडत-बांधत होतो. शेवटी एका रविवारी सकाळी मी विनूचा फोटो लॅपटॉपवर उघडला. म्हटलं, सातच्या साठ पोफळी केल्यात ना यानं? कुठंतरी जोड दिसणारच! मोठा करून करून एकेक झाड तपासायला घेतलं. आज मी त्याची चोरी पकडणार होतो आणि खरं सांगतो, फ्रीज मिळाल्यापेक्षा जास्त आनंद मला त्याचा होणार होता.

जोड कुठंच दिसेना. खाली सरकलो. पाणी दिसलं. सुनंदा चहा घेऊन मागं उभी होती.

"अहो, ही आपली विहिरीजवळची दगडी दोण."

"काहीतरीच!"

"कड फुटलेली बघा. तुम्हीच पहार पाडली होतीत तिच्यावर. आणि हा निळा पिंप. त्याच्यावरचं पातेलं माझं आहे, दोन वर्षं शोधत्येय मी!"

फोटो आणखी मोठा केला. विहीर आमची. पाट आमचा. साठ पोफळी आमच्या, आजोबांनी वाटून दिलेल्या! विनूनं त्याच्या गच्चीवरून आमच्या वाडीचा फोटो काढला होता आणि मी तो खिशात घेऊन, 'माझी वाडी अशी दिसेल असा लॅपटॉप द्या' म्हणत गावभर हिंडलो होतो. मी दोन वर्षं जळत होतो तो स्वतःवरच!

"आणि हे कोण हो?" सुनंदानं खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

कोपऱ्यात, दोणीला टेकून, भोकं पडलेल्या बनियनमधला एक गृहस्थ बसला होता. पोट मांडीवर आरामात ठेवलेलं. डोळे मिटलेले आणि एक हात बगलेत, खाजवताना.

मी चप्पल न घालता गडगा ओलांडला, विनूच्या घरात शिरलो आणि दोन दोन पायऱ्या चढत थेट गच्चीवर गेलो. विनू पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होता.

"विन्या! फोटो आमच्या वाडीचा लावलास?"

"मग काय करू?" तो शांतपणे म्हणाला. "माझ्या बाजूला वळलं की पाण्याची टाकी आणि संडासाचा पाइप दिसतो. लिहिलंय पण तसंच, 'आमच्याकडून दिसणारी सकाळ.' तुझी वाडी दिसते आमच्याकडून! वास्तुशांतीला तीनदा बोलावलं, म्हटलं दादाला वर नेऊन दाखवू त्याची वाडी. तू आलास?"

मी वळून खाली बघितलं. पन्नाशी उलटली माझी, पण आपली वाडी वरून मी कधी बघितली नव्हती. ऊन तसंच तिरपं उतरलं होतं. एडिटिंग कसलंही नव्हतं. मला एकदम भरून आलं आणि विनूपुढे माझीच मला लाज वाटली.

"मला विचारायचंस तरी," मी खालच्या आवाजात म्हटलं. "आणि कुठल्या लॅपटॉपवर केलास रे?"

"लॅपटॉप? मोबाईलवरनं काढला आणि टाकला. तुला कापणार होतो, पण तू गेलास की फोटो ओका दिसतो रे! पाहुणे विचारतात, ते माळीकाका केवढे निवांत, भेटतील का? दोन बायका तर मुद्दाम बघून आल्या तुला. म्हणाल्या, फार तापट आहेत."

तो फोटो विनूनं तिथल्या तिथं मला पाठवून दिला. वर म्हणाला, "माझ्याकडे जागा नसेल तेव्हा तुझ्याकडेच पाठवीन, झाडं तुझीच तर आहेत." त्यानं सलीमभाईंच्या साडूंना आमच्याकडे वळवलं, दुकानातल्या स्टाफपैकी निम्मे आले आणि नाताळात दोन्ही खोल्या भरल्या. सुनंदानं पक्कड परत खणात ठेवली. फ्रीज होळीपर्यंत येईल असं दिसतंय, तोवर दोरी माझ्याकडे आहे.

राहता राहिला लॅपटॉप. तो फुकट गेला असं कुणी म्हणू नये! इंटरनेटवर आमच्या पानावर तो फोटो टाकण्याआधी मी सलग तीन संध्याकाळी त्यावर काम केलं. आभाळाला हात लावला नाही, झाडांना लावला नाही. फक्त कोपऱ्यातल्या त्या गृहस्थाचं पोट आत घेतलं, बनियनची भोकं बुजवली आणि डोक्यावर थोडे केस दिले. आजवर माझ्या हातून झालेलं तेवढं एकच एडिटिंग खरोखर बेमालूम आहे.

नाताळच्या सकाळी साडूंची सात-आठ वर्षांची मुलगी मोबाईल हातात घेऊन पाटापाशी आली. तिनं फोटोकडे बघितलं, दोणीजवळ बसलेल्या माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आंटी, हे फोटोतले काका कुठे असतात?"

सुनंदानं बोंबील तळता तळता मान वर न करता सांगितलं, "ते होय? ते लॅपटॉपमध्ये असतात. इथे बसलेत ते त्यांचे वडील."